टचस्टोन म्हणजे परीस नाही, तुमच्या बाबांच्या पेटीतला तो काळा दगड

आलेलं पत्र:

"मॅडम, मी जळगावची. बाबा सोनारकाम करतात, पेढीवाल्यांसाठी दागिने घडवून देतात. मी बी.कॉम. झाले, सराफ बाजारात एका दुकानात काउंटरला असते आणि संध्याकाळी बँकेच्या परीक्षेचा क्लास करते. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. मागच्या आठवड्यात क्लासमध्ये एक उतारा होता, त्यात वाक्य होतं, 'फेअरनेस टू द पुअर इज द टचस्टोन ऑफ गुड गव्हर्नमेंट.' सरांनी टचस्टोनचा अर्थ विचारला, मी म्हटलं परीस. टच म्हणजे स्पर्श, स्टोन म्हणजे दगड, मग स्पर्शानं सोनं करणारा दगड, मला तर एकदम बरोबर वाटलं. सगळा वर्ग हसला. सरांनी फळ्यावर 'क्रायटेरियन' लिहिलं आणि पुढे गेले. घरी येऊन डिक्शनरी बघितली तर एक नंबरला लिहिलंय सोनं-चांदी तपासायचा काळा दगड, दोन नंबरला लिहिलंय निकष. एकाच शब्दाचे असे दोन दोन अर्थ, कधी कुठला घ्यायचा हे कळणार कसं? असे शब्द तर हजारो असतील, सगळ्यांचे दोन्ही अर्थ पाठ करायचे का? आणि याच्या आधी 'द' लावायचा की 'अ' तेही सांगा. एक वाचक, जळगाव."

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही की तुम्ही ज्या पद्धतीनं त्या शब्दाचा अर्थ काढलात ती पद्धत बरोबर होती. शब्द फोडला, दोन्ही तुकड्यांचे अर्थ लावले, आणि आपल्या भाषेत असं काय आहे ते शोधलं. शब्द अनोळखी असला की असंच करायचं असतं. उत्तर चुकलं ते फक्त 'टच' या तुकड्यावर, आणि ते का चुकलं हे वर्गात कुणी सांगितलं नाही म्हणून ते तुम्हाला एवढं लागलं.

तर टच. आज आपण टच म्हणजे स्पर्श एवढंच शिकतो, पण जुन्या इंग्रजीत सोनं दगडावर घासून त्याचा कस बघण्यालाही टच म्हणायचे, शब्द फ्रेंचमधून आला आणि हा सराफी अर्थ घेऊनच आला. तो अर्थ आजही मेलेला नाहीये, दक्षिणेत, म्हणजे कोइमतूर वगैरे भागात, सराफ लोक सोन्याच्या शुद्धतेला सरळ 'टच' म्हणतात, 'एवढ्या टचचं सोनं' असं. तुमच्या बाजारात 'टंच काढून आण' म्हणतात ना, तसंच. म्हणजे टचस्टोनमधला टच हा परिसाचा स्पर्श नाही, तो घासून बघण्याचा टच आहे. आणि घासून बघायचा दगड म्हणजे काय हे जळगावच्या सोनाराच्या मुलीला मी काय सांगू, तो तुमच्या घरात आहे. कसोटी! बाबांच्या पेटीत तो काळा, हाताला गुळगुळीत लागणारा दगड असेलच, लहानपणी तुम्ही त्याला हात लावला असेल आणि ओरडाही खाल्ला असेल.

परीस म्हणायचं असेल तर इंग्रजीत त्याला फिलॉसॉफर्स स्टोन म्हणतात, युरोपातले किमयागार शेकडो वर्षं तो शोधत होते, शिशाचं सोनं करायला. आणि बोलताना आपण 'त्याच्या हाताला परीस आहे, धरेल त्याचं सोनं होतं' म्हणतो ते इंग्रजीत 'मिडास टच'. आता गंमत बघा, या मिडास राजाच्या ग्रीक दंतकथेत तो शेवटी त्या वरदानाला कंटाळतो, कारण जेवणाचंही सोनं व्हायला लागतं, आणि मग पॅक्टोलस नावाच्या नदीत हात धुतो आणि म्हणून त्या नदीच्या वाळूत सोनं सापडतं असं सांगतात. ही नदी लिडिया देशाच्या राजधानीजवळून वाहायची, लिडिया म्हणजे आजच्या तुर्कीचा पश्चिम भाग, आणि सोनं तपासायच्या काळ्या दगडाला ग्रीक लोक 'लिडियाचा दगड' म्हणायचे. आजही भूगर्भशास्त्रात त्या जातीच्या दगडाला लिडाइट म्हणतात. म्हणजे परिसाची गोष्ट आणि कसोटीचा दगड एकाच मुलुखातले निघाले, तुमच्या डोक्यात ते दोन एकमेकांत मिसळले यात मला तरी हसण्यासारखं काही दिसत नाही.

पण त्या वाक्यात परीस घातला तर अर्थ कसा बदलतो बघा. 'गरिबाशी न्यायानं वागणं हा चांगल्या सरकारचा परीस' म्हटलं तर अर्थ होतो की न्यायानं वागलं की सरकार चांगलं होतं. ऐकायला बरं वाटतं, खरंही असेल, पण लेखक ते म्हणत नाहीये. लेखक म्हणतोय की सरकार चांगलं आहे की नाही हे बघायचं असेल तर ते गरिबाशी कसं वागतं ते बघा, बाकी भाषणं जाहिराती बाजूला ठेवा. परीस वस्तू बदलतो. कसोटी काहीच बदलत नाही, आधीपासून जे आहे ते दाखवते. दोघांत फरक आहे तो हा, आणि हा फरक 'क्रायटेरियन' असा एक शब्द फळ्यावर लिहून कळत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला. या रविवारी बाबांना तो दगड काढायला सांगा आणि शेजारी बसून नीट बघा, दुकानातलं काउंटरचं बघणं वेगळं आणि हे वेगळं. दागिन्याची कड दगडावर घासली की सोनेरी रेघ उमटते. तिच्या शेजारी माहीत असलेल्या सोन्याची, म्हणजे नमुन्याच्या काडीची, रेघ मारायची. दोन्ही रेघांचे रंग जोडीनं बघायचे, तांबं जास्त असेल तर रेघ लालसर दिसते, चांदी जास्त असेल तर फिकट. मग रेघेवर तेजाबाचा थेंब. नायट्रिक ॲसिड तांबं आणि चांदी खातं पण सोन्याला काही करत नाही, त्यामुळे खोटं असेल तर रेघ विरून जाते, पितळेची रेघ तर बघता बघता नाहीशी होते, आणि चांगलं सोनं असेल तर रेघ टिकते. जास्त कॅरटच्या सोन्याला नुसतं नायट्रिक पुरत नाही म्हणून त्यात थोडं हायड्रोक्लोरिक मिसळलेलं असतं, ते बाबा सांगतीलच. दगड काळाच का, तर रेघेचा रंग उठून दिसावा. बारीक कणांचा का, तर रेघ एकसारखी यावी. आणि तो गारेच्या जातीचा, म्हणजे सिलिकाचा लागतो कारण तेजाबानं त्याचं काही बिघडता कामा नये, संगमरवरावर तेजाब टाकला तर दगडच फसफसायला लागेल, मग तपासणार काय.

आता हे सगळं डोळ्यांसमोर ठेवा आणि लाक्षणिक अर्थाकडे या. दगड स्वतः सोनं नाही, त्याची बाजारात किंमतही फार नाही, पण त्याच्यावर घासल्याशिवाय सोन्याची किंमत ठरत नाही. घासायला अख्खा दागिना लागत नाही, एक बारीक रेघ पुरते आणि तिच्यावरून सगळ्या दागिन्याचं कळतं. आणि दगड कुणाची बाजू घेत नाही. इंग्रजीत एखाद्या गोष्टीला टचस्टोन म्हणतात तेव्हा या तिन्ही गोष्टी त्या शब्दाबरोबर येतात. गरिबाशी वागणूक ही सरकारच्या कारभारातली एक छोटी रेघ आहे, पण ती बघितली की आख्ख्या सरकारचा कस कळतो. एवढं सगळं एका शब्दात बसलंय. डिक्शनरीतला दोन नंबरचा अर्थ हा असा एक नंबरच्या पोटातून आलेला असतो, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते की घाई असली तरी एक नंबर वाचल्याशिवाय दोन नंबरवर उडी मारू नका.

आणि आता मला सगळ्यात आवडतो तो भाग. तुम्ही लिहिलंय डिक्शनरीत दोन नंबरला 'निकष' लिहिलंय. ताई, निकष म्हणजे काय माहितीये? निकष म्हणजेच कसोटीचा दगड. संस्कृतात कष् म्हणजे घासणे, त्यावरून निकष, म्हणजे ज्यावर सोनं घासतात तो. आपला कसोटी शब्दही त्याच घराण्यातला. आज आपण 'योजनेच्या पात्रतेचे निकष' असं सरकारी जाहिरातीत वाचतो तेव्हा कुणाला दगड दिसत नाही, शब्द घासून घासून इतका गुळगुळीत झालाय. म्हणजे डिक्शनरीनं तुम्हाला दोन वेगळे अर्थ दिलेच नाहीत, एकाच दगडाची दोन नावं दिलीत, एक काळं आणि एक गुळगुळीत. इंग्रज सोनार आणि आपला सोनार एकमेकांना न विचारता एकाच जागी पोचलेत, दोघांनीही सोन्याचा दगड उचलून माणसांच्या खरेखोटेपणाला लावला.

मराठीत तर हे कुटुंब खूप मोठं आहे. हिणकस घ्या, मूळ अर्थ कमी कसाचं सोनं, आज आपण हिणकस शेरा, हिणकस मनोवृत्ती म्हणतो आणि सोनं आठवतही नाही. बावनकशी सोनं, आणि मग 'माणूस बावनकशी आहे हो'. परिस्थितीनं कस लागला, कसाला उतरला. तावून सुलाखून निघणं, यातलं तावणं म्हणजे तापवणं आणि सुलाखणं म्हणजे चांदी-सोन्याला भोक पाडून आत काय आहे ते बघणं, वरून सोनं आणि आत दुसरंच काही नाही ना हे बघायला, आणि आज दुष्काळातून, आजारपणातून बाहेर आलेल्या माणसाला आपण तावून सुलाखून निघाला म्हणतो. मुलामा देणं. हे सगळे शब्द तुम्ही रोज वापरता आणि प्रत्येकाचे दोन दोन अर्थ आहेत आणि कधी कुठला घ्यायचा हा प्रश्न तुम्हाला मराठीत कधीच पडत नाही. का पडत नाही? आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं म्हणून. बाबा म्हणाले 'हे हिणकस आहे, परत पाठव' आणि हातात बांगडी असेल तर सोनं, आणि आई शेजारणीबद्दल बोलताना 'हिणकस बोलली' म्हणाली तर मन. इंग्रजीतही हीच युक्ती चालते, दुसरी वेगळी काही नाही.

म्हणजे टचस्टोनच्या आसपास गोल्ड, सिल्व्हर, ज्वेलर, रब, स्ट्रीक असे शब्द असतील तर खरा दगड. 'द ज्वेलर रब्ड द रिंग ऑन अ टचस्टोन', इथे दगडच, दुसरं काही नाही. आणि पुढे ऑफ किंवा फॉर येऊन त्याच्यानंतर हाताला न लागणारी गोष्ट आली, म्हणजे डेमॉक्रसी, ट्रुथ, क्वालिटी, गुड गव्हर्नमेंट, की लाक्षणिक. परीक्षेतल्या उताऱ्यात शंभरातल्या बहुतेक वेळा दुसरंच असतं कारण बँकेच्या परीक्षेत सोनारकामावर उतारा क्वचितच येतो. शंका आली तर टचस्टोनच्या जागी मनातल्या मनात 'खरी कसोटी' हे शब्द ठेवून वाक्य मराठीत वाचून बघा, बसलं तर झालं.

पण आता एक सावधगिरी, आणि ही मी जरा जोर देऊन सांगते कारण मराठी माध्यमातली हुशार मुलं इथेच पडतात. दोन भाषांतले शब्द बहिणी असल्या म्हणून एकीच्या जागी दुसरी चालते असं नाही. आपल्या कसोटीचा पदर फार मोठा आहे, तिच्यात दगडही येतो, परीक्षाही येते, निकषही येतो, क्रिकेटसुद्धा येतं. इंग्रजीनं हे काम तीन चार शब्दांत वाटून दिलंय. मी कॉलेजात असताना टचस्टोन म्हणजे क्रायटेरियन एवढंच पाठ केलं होतं आणि एका अर्जात 'टचस्टोन्स फॉर ॲडमिशन' असं लिहिलं, प्रवेशाचे निकष म्हणून. तपासणाऱ्यांनी लाल गोल केला आणि बाजूला काहीच लिहिलं नाही. कितीतरी दिवस मला कळेना की अर्थ तर बरोबर आहे मग चुकलं काय. चुकलं हे की प्रवेशाचे निकष म्हणजे यादी असते, इतके टक्के, इतकं वय, त्याला क्रायटेरिया. टचस्टोन यादीत बसत नाही, तो ज्याच्यावर घासून खरेपणा बघायचा अशा मोठ्या गोष्टीला म्हणतात. तसंच 'परिस्थितीनं तिची कसोटी पाहिली' याचं इंग्रजी करताना टचस्टोन घेऊ नका, तिथे टेस्टेड हे क्रियापद, आजच्या इंग्रजीत टचस्टोनचं क्रियापद होत नाही. आणि कसोटी सामना टेस्ट मॅचच.

टेस्टचं नाव निघालंच आहे तर हेही ऐका, कारण हा शब्द आपल्याला इतका साधा वाटतो, युनिट टेस्ट, ब्लड टेस्ट, की त्याच्या आत काही असेल असं वाटतच नाही. टेस्ट म्हणजे मुळात मातीचं भांडं! लॅटिनमध्ये टेस्टम म्हणजे मडकं, आणि चौदाव्या शतकात इंग्रजीत टेस्ट म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करायची छोटी वाटी. हाडांच्या राखेची वाटी करतात, त्यात अशुद्ध सोनं किंवा चांदी शिशाबरोबर वितळवतात, भट्टीच्या आचेत शिसं हवेतला ऑक्सिजन घेतं, बाकीचे हलक्या प्रतीचे धातू आपल्यात ओढतं आणि वाटीच्या अंगात मुरून जातं, आणि मध्ये उरतो तो शुद्ध धातूचा चकचकीत मणी. यावरून 'पुट टु द टेस्ट', म्हणजे त्या वाटीत घालणं, आचेवर धरणं. आपलं तावून बघणं आणि त्यांचं टेस्ट, दोन्ही भट्टीजवळचीच. फक्त टेस्टिमनी, टेस्टिफाय हे शब्द यातले समजू नका, ते लॅटिनमधल्या 'साक्षीदार' या वेगळ्या शब्दावरून आलेत, दिसायला सारखे एवढंच.

तुमच्या दुकानाच्या काउंटरवरच असे अजून दोन तीन शब्द पडलेत, तेही उचलून घ्या. ॲसिड टेस्ट. मघाशी सांगितला तो तेजाबाचा थेंब म्हणजे ॲसिड टेस्ट. पेपरात 'पोटनिवडणूक ही सत्ताधाऱ्यांची ॲसिड टेस्ट' असं मराठी बातम्यांतही लिहितात. आठ जानेवारी 1918 ला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यांच्या काँग्रेससमोर जे चौदा मुद्दे मांडले त्यात रशियाबद्दल बोलताना हा शब्द आहे, की येत्या काही महिन्यांत बाकीची राष्ट्रं रशियाशी कशी वागतात ती त्यांच्या सद्भावनेची ॲसिड टेस्ट ठरेल. तोंडानं सगळेच मैत्री म्हणतात, थेंब पडल्यावर रेघ टिकते का बघू, असं. आणि ताई, तुम्ही बी.कॉम. आहात, तुम्ही ॲसिड टेस्ट रेशो शिकलाय! चालू मालमत्तेतून मालाचा साठा वजा करायचा, उरलेल्याला चालू देण्यांनी भागायचं, एकास एक आला तर बरं. साठा का वजा करतो? कारण तो लगेच पैशात बदलेल याचा भरवसा नाही. म्हणजे हिशेबावर तेजाबाचा थेंब टाकला, जे विरघळण्यासारखं होतं ते विरघळलं, आणि उरलं ते खरं. परीक्षेत तुम्ही हे सूत्र लिहून मार्क घेतले असतील, नावाकडे मात्र बघायचं राहून गेलं असेल, ते आता बघा.

मग टचस्टोन आणि ॲसिड टेस्ट यात फरक काय, दोन्ही एकाच दगडावर तर चालतात. फरक असा की टचस्टोन कायमचा असतो, पेटीत पडलेला, पुन्हा पुन्हा वापरायचा. ॲसिड टेस्ट हा एक प्रसंग असतो, कडक, ज्यातून एकदा आरपार जावं लागतं. निवडणूक ॲसिड टेस्ट होऊ शकते, पण निवडणूक टचस्टोन आहे असं म्हटलं तर कानाला खटकतं. न्याय टचस्टोन होऊ शकतो. लिटमस टेस्ट वेगळी, तिचा सोन्याशी संबंध नाही, तो शाळेच्या प्रयोगशाळेतला कागद, आम्लात लाल आणि अल्कलीत निळा, म्हणून जिथे एकाच प्रश्नाच्या उत्तरावरून हा की तो असं ठरतं तिथे लिटमस टेस्ट.

दुसरा शब्द हॉलमार्क, जो तुम्ही दिवसातून वीस वेळा तरी उच्चारत असाल. यातला हॉल खरोखरचा हॉल आहे, लंडनमधला गोल्डस्मिथ्स हॉल, सोनारांच्या संघाची वास्तू. इंग्लंडमध्ये 1300 साली कायदा झाला की चांदीवर तपासून बिबट्याच्या तोंडाचा शिक्का मारायचा, आणि 1478 पासून कारागिरांना माल त्या हॉलमध्येच नेऊन तपासून शिक्का घ्यावा लागायचा, म्हणून हॉलचा मार्क. आपल्याकडे तोच शब्द बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोबरोबर आला, जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, नसेल तर हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, हे तुम्ही मला शिकवाल. पण उताऱ्यात 'पेशन्स इज द हॉलमार्क ऑफ अ गुड टीचर' आलं तर अर्थ काय? शुद्धतेची हमी असं वाटेल, पण अर्थ आहे ठळक खूण, ओळखण्याची खूण. आणि इथे एक फसगत आहे. आपल्या डोक्यात हॉलमार्क म्हणजे चांगलंच काहीतरी, पण इंग्रजीत वाईटाचाही हॉलमार्क असतो, 'द रॉबरी हॅड ऑल द हॉलमार्क्स ऑफ अ प्रोफेशनल गँग', म्हणजे दरोडा बघूनच कळत होतं की सराईत टोळीचं काम आहे. शिक्का कुणाचा ते सांगतो, माल चांगला असेलच असं लाक्षणिक अर्थात राहिलेलं नाही. मूळ अर्थ धरून चालायचं पण तो कुठे हात सोडून देतो तेही बघायचं, ते इथे दिसतं.

स्टर्लिंगही लिहून ठेवा, हजारात 925 भाग चांदी ती स्टर्लिंग सिल्व्हर, आणि 'स्टर्लिंग परफॉर्मन्स' म्हणजे अस्सल, दर्जेदार कामगिरी. हुपरीकडच्या चांदी कारागिरांच्या घरातला एक मुलगा माझ्याकडे शिकायला होता, त्याला हा शब्द एकदा सांगितल्यावर परत सांगावा लागला नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, हजारो शब्दांचे दोन्ही अर्थ पाठ करायचे का. नाही, आणि पाठ केले तरी टिकत नाहीत, परीक्षेच्या दिवशी तर नाहीतच. एक वही करा. एका पानावर एकच शब्द. वर त्या वस्तूचं चित्र काढा, वाकडंतिकडं चालेल, पण वस्तू दिसली पाहिजे, दगड आणि त्यावर दोन रेघा. खाली दोन वाक्यं, एक खऱ्या वस्तूचं आणि एक लाक्षणिक, आणि लाक्षणिक वाक्य पेपरातून किंवा उताऱ्यातून उचललेलं, स्वतः बनवलेलं नको, कारण शब्दाच्या पुढे ऑफ येतो की फॉर, कुठल्या शब्दांशेजारी तो बसतो हे बनवलेल्या वाक्यात चुकतं. त्याच्या खाली मराठीतली बहीण, कसोटी, निकष. आणि सगळ्यात खाली, हे विसरू नका, बहीण कुठे चालत नाही ते: प्रवेशाचे निकष नाही, कसोटी सामना नाही, क्रियापद नाही. आठवड्याला चार पानं झाली तरी पुरे. बॉटलनेक, बेंचमार्क, स्टेपिंग स्टोन, माइलस्टोन, डेडलाइन, प्रत्येकाच्या आत कुठली तरी खरी वस्तू आहे. सगळ्या वस्तू तुमच्या घरात नसतील, बेंचमार्क कळायला जमीन मोजणाऱ्या सर्व्हेअरला विचारावं लागेल, दगडात कोरलेली ती खूण दाखव म्हणून, पण विचारा, लोक आपल्या कामातलं सांगायला फार उत्सुक असतात.

परीक्षेत वेळ कमी असतो त्यामुळे तिथे एवढंच बघा की पर्यायांमध्ये एक पर्याय बहुतेक वेळा सरळ अर्थाचा ठेवलेला असतो, 'अ हार्ड ब्लॅक स्टोन' असा, आणि एखादा दिसायला-ऐकायला जवळचा, तुमच्या परिसासारखा, 'समथिंग दॅट ब्रिंग्ज गुड फॉर्च्युन'. हे दोन गाळले की राहिलेल्यात भांडण कमी असतं.

वर्ग हसला ते मनातून काढा असं मी म्हणणार नाही, कारण ते निघत नाही लवकर. पण त्या वर्गात बसलेल्यांपैकी किती जणांनी कसोटीचा दगड हातात धरलाय? तुमच्याकडे तो शब्द हातातून आलेला आहे, त्यांच्याकडे फळ्यावरून. पुढच्या वेळी सरांना विचारायला हरकत नाही, की सर, टचस्टोन म्हणजे आमच्या घरातली कसोटीच ना, मग क्रायटेरियनपेक्षा हा वेगळा कसा. चांगले शिक्षक असतील तर त्यांना हा प्रश्न आवडेल.

आता शेवटचं, 'द' की 'अ'. दोन्ही चालतात पण अर्थ बदलतो. 'अ टचस्टोन' म्हणजे अनेक कसोट्यांपैकी एक. 'द टचस्टोन' म्हणजे कसोटी ही एकच, हिच्यावर उतरला तर उतरला. तुमच्या उताऱ्यात लेखकानं 'द' लिहिलाय, म्हणजे रस्ते, इमारती, मोठमोठे आकडे या सगळ्यांच्या वर त्यानं गरिबाला मिळणाऱ्या न्यायाला ठेवलंय. उताऱ्याखाली लेखकाचं मत काय असा प्रश्न आला असेल तर त्याचं उत्तर त्या छोट्याशा 'द'मध्ये आहे, उतारा परत काढून बघा.